कागद नसलेल्या मुलांना इन-स्टेट फी, मग आमच्या मुलीने काय घोडं मारलंय?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. १४ वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहताय. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलात, नियमाने कर भरता, घर घेतलंय, ग्रीन कार्डच्या रांगेत आहात. मुलगी ३ वर्षांची असताना आली, आता १७ची आहे आणि पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. कॉलेजात असतानाच तिला २१ पूर्ण होतील, एच-४ हा पालकांच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा संपेल, एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा घ्यावा लागेल आणि कुणीतरी सांगितलंय की त्या दिवसापासून बाहेरच्या राज्यातल्यांची फी लागेल. उलट बेकायदा आलेल्यांच्या, कागद नसलेल्या मुलांना याच राज्यात इतकी वर्षं स्थानिकांची फी मिळत होती. "सगळं कायद्याने करून आम्हीच मूर्ख ठरलो का?" असं तुम्ही विचारलंय.

मी २००६ पासून टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारं स्थानिक सरकारी कॉलेज) प्रवेश आणि रजिस्ट्रार विभागात काम करतेय. त्यातली बरीच वर्षं माझ्या टेबलावर एकच निर्णय असायचा: हा विद्यार्थी फीच्या हिशेबाने 'रहिवासी' की बाहेरचा. मी वकील नाही, त्यामुळे व्हिसाबद्दल मी काही सांगितलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. फीचं मात्र मी खात्रीने सांगू शकते, आणि जिथे कॉलेजागणिक फरक पडतो तिथे तसं सांगेन.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. एक, मुलीच्या फीचं काय होणार. दुसरा, हा न्याय आहे का. तुम्हाला दुसरा जास्त सलतोय हे शब्दाशब्दांतून दिसतं. पण या दोन्हींचं उत्तर एकाच कायद्यात आहे. ज्या कायद्यावर तुम्ही चिडलाय, त्याच कायद्याच्या आधाराने तुमच्या मुलीला टेक्सासमध्ये स्थानिक फी टिकवता येण्यासारखी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांना सरकारी कॉलेजात लागणारी कमी फी, ही काय भानगड आहे हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला खरं तर समजवायला नको. डोमिसाइलच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत घातलेले हेलपाटे आठवा. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, आणि त्यासाठी काही अपवाद सोडले तर नुसता डोमिसाइल पुरत नाही, दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. नागपूरच्या मुलाने बारावी हैदराबादला केली की तो घरच्या राज्यात परका ठरतो, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणजे 'आपलं मूल कोणतं' हे ठरवायला राज्यांकडे दोन फूटपट्ट्या असतात: घर कुठे आणि शाळा कुठे. अमेरिकेतला हा सगळा वाद या दोन फूटपट्ट्यांचा आहे, हे धरून पुढे वाचा.

पैशांचा फरक किती? ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात रहिवासी विद्यार्थ्याला वर्षाची फी साधारण ११ ते १३ हजार डॉलर पडते, बाहेरच्याला ४० हजारांच्या वर. आमच्यासारख्या कम्युनिटी कॉलेजात तर तीन दर असतात. कॉलेजच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला सगळ्यात कमी, जिल्ह्याबाहेरच्या टेक्सासकराला त्याहून जास्त, राज्याबाहेरच्याला सगळ्यात जास्त. कारण सरळ आहे, जिल्ह्यातल्या घरांच्या मालमत्ता करातून कॉलेजला पैसा मिळतो. शेजारच्या काउंटीतला जन्माने अमेरिकन असलेला मुलगाही इथे जास्त भरतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. राज्याचा आणि कॉलेजांचा गाडा मुख्यतः विक्रीकर आणि मालमत्ता करावर चालतो. दुकानाच्या काउंटरवर विक्रीकर घेताना कुणी व्हिसा विचारत नाही, आणि भाड्याने राहणारा माणूस मालकाचा मालमत्ता कर भाड्यातून भरतच असतो. त्यामुळे 'ते लोक कर भरत नाहीत' हे वाक्य निदान या राज्यातल्या फीच्या बाबतीत टिकत नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय २०२५ मध्ये काय झालं ते कळणार नाही. १९७५ साली टेक्सासने कायदा केला की बेकायदा आलेल्या मुलांच्या शालेय शिक्षणाला राज्य पैसे देणार नाही. टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी १९७७ मध्ये अशा मुलांकडे वर्षाला १,००० डॉलर मागायला सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: आई-बापांनी जे केलं त्यासाठी मुलांना सरकारी शाळेबाहेर ठेवता येणार नाही. तेव्हापासून देशभर पहिलीपासून बारावीपर्यंत ही मुलं आपल्या मुलांच्या शेजारी बसतात. तुमच्या मुलीच्या वर्गातही असतील, तिला ठाऊकही नसेल.

पण तो निकाल बारावीच्या उंबरठ्यावर थांबतो. कॉलेजबद्दल तो काही बोलत नाही. मग १९९६ मध्ये केंद्राने कायदा केला. त्याचा आशय असा, की बेकायदा राहणाऱ्याला 'राज्यातल्या वास्तव्याच्या आधारावर' उच्च शिक्षणातली सवलत देता येणार नाही, जोवर तीच सवलत देशातल्या कुठल्याही नागरिकाला, तो त्या राज्यात राहत असो वा नसो, मिळत नाही. यातला 'वास्तव्याच्या आधारावर' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ ३० वर्षं वकील याच शब्दांवर भांडतायत.

२००१ मध्ये टेक्सास हे अशी सवलत देणारं पहिलं राज्य झालं. सही केली रिक पेरी या रिपब्लिकन गव्हर्नरने, आणि विधिमंडळात विरोध नावालाच होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने एबी ५४० हा आपला कायदा केला. मग न्यूयॉर्क, युटा, वॉशिंग्टन, इलिनॉय अशी रांग लागली. मेरीलँडमध्ये तर २०१२ साली लोकांनी थेट मतदान करून तो कायदा राखला. उलट बाजूही आहे. साउथ कॅरोलायना आणि अलाबामाने अशा मुलांना सरकारी कॉलेजात प्रवेशच नाकारला. म्हणजे राज्याच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे काय मिळेल हे नशिबावर.

२००५ मध्ये टेक्सासच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग तोच आहे. ज्याने टेक्सासमधून हायस्कूल पूर्ण केलं, त्याआधीची सलग ३ वर्षं राज्यात घर होतं, आणि कॉलेजच्या सत्रातल्या सेन्सस डेटच्या आधीचं १ वर्षही इथेच गेलं, तो रहिवासी. सेन्सस डेट म्हणजे पटावर कोण कोण आहे हे कायम होण्याचा दिवस, ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात वर्गांचा १२वा दिवस. या कलमात व्हिसा कोणता हा प्रश्नच नाही. आई-वडील दुसऱ्या राज्यात गेलेला अमेरिकन मुलगा, एफ-१वर गेलेली मराठी मुलगी, कागद नसलेला मुलगा, सगळे एकाच कलमात बसायचे. जे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नाहीत त्यांना एक अ‍ॅफिडेव्हिट जास्त द्यावं लागायचं: "मी पात्र होताच कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करीन."

या अ‍ॅफिडेव्हिटबद्दल एक सांगते. साधारण १०-१२ वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी आईला घेऊन माझ्या खिडकीशी आली. आईच्या हातात बिस्किटांचा निळा गोल पत्र्याचा डबा. मला फक्त हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं गुणपत्रक, आणि सही केलेलं अ‍ॅफिडेव्हिट हवं होतं, पण आईने डबा उघडून काउंटरवर एकेक कागद मांडला. लसीकरणाचं पिवळं कार्ड, बालवाडीपासूनची शंभर टक्के हजेरीची प्रमाणपत्रं, पाण्याची बिलं वर्षावार रबर लावून. टीसी, रेशन कार्ड, जन्मदाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरणाऱ्या माझ्या आईची मला आठवण झाली. मुलीने ते एका वाक्याचं प्रतिज्ञापत्र तीनदा वाचलं आणि विचारलं, "यावर सही केली तर आईला शोधायला कुणी येईल का?" मी म्हणाले, हा कागद तुझ्या फाइलमध्ये राहील, विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा केंद्रीय कायदा त्याला लागू आहे. तिने सही केली, आमच्या नोटरीने शिक्का दाबला. ती अकाउंटिंग शिकली.

तेव्हा मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पण २०२५च्या उन्हाळ्यात आमच्या कार्यालयात 'कायदेशीर वास्तव्य नसलेले' विद्यार्थी शोधून काढायची वेळ आली, तेव्हा सुरुवात कुठून झाली? ज्यांच्या फाइलमध्ये ते अ‍ॅफिडेव्हिट होतं तिथून. मला त्या रात्री झोप लागली नाही.

काय झालं होतं ते सांगते. २०२५च्या अधिवेशनात टेक्सासच्या विधिमंडळात हा कायदा रद्द करण्याचं विधेयक आलं होतं, पण ते सभागृहात मतदानाला आलंच नाही आणि २ जूनला अधिवेशन संपलं. ४ जूनला केंद्राच्या न्याय खात्याने, हा कायदा १९९६च्या केंद्रीय कायद्याविरुद्ध जातो असं म्हणत, टेक्सासवर विचिटा फॉल्सच्या केंद्रीय न्यायालयात खटला भरला. त्याच दिवशी राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी खटला लढवण्याऐवजी केंद्राचं म्हणणं मान्य केलं, आणि त्याच दिवशी न्यायाधीश रीड ओ'कॉनर यांनी दोन्ही बाजूंच्या संमतीचा आदेश काढला. २४ वर्षांचा कायदा कागद नसलेल्या मुलांपुरता एका दिवसात थांबला, आणि त्या दिवशी त्याच्या बाजूने न्यायालयात एकही वकील उभा राहिला नाही. फ्लोरिडानेही त्याच वर्षी आपली २०१४ची सवलत काढून घेतली, पण ती विधिमंडळात विधेयक आणून, मत मोजून. मला तो निर्णय पटलेला नाही. तरी लोकांनी निवडून दिलेल्यांनी उघड्यावर घेतलेला निर्णय आणि संमतीने मिटवलेला खटला, यांत मी फरक करते. टेक्साससारखेच खटले नंतर केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय आणि कॅलिफोर्नियावरही दाखल झाले.

केंद्राच्या म्हणण्यात काहीच दम नाही असं मी म्हणणार नाही. १९९६चा कायदा वाचला की त्याचा रोख कळतो. कॅलिफोर्नियाने तो टाळण्यासाठी दुसरी फूटपट्टी निवडली. त्यांच्या कायद्यात घराचा उल्लेख नाही, '३ वर्षं कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये शिकून तिथूनच पास झालेला' ही मुख्य अट. त्यामुळे तिथे शिकून पुढे नेवाडात राहायला गेलेल्या अमेरिकन मुलालाही ती फी मिळते. हाच मुद्दा धरून २०१० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा वैध ठरवला. टेक्सासच्या कलमात मात्र शाळेसोबत 'सलग वास्तव्य' हे शब्दही आहेत. दोन्ही फूटपट्ट्या एकत्र बांधल्या, आणि त्यातली घराची फूटपट्टी नेमकी केंद्राच्या कायद्यात अडकते. कायद्याची भाषा बेतताना झालेली ही चूक आहे असं माझं मत. पण त्यावर न्यायालयात दोन्ही बाजूंनी युक्तिवाद व्हायला हवा होता.

आता न्यायाचा प्रश्न. तुमच्याकडून आणि आणखी कितीतरी मराठी पालकांकडून ऐकलेला सगळ्यात मजबूत आक्षेप असा: ओक्लाहोमातल्या अमेरिकन नागरिकाला टेक्सासमध्ये तिप्पट-चौपट फी आणि बेकायदा आलेल्याला स्थानिक फी, हे उलटं नाही का? मीही सुरुवातीला असाच विचार करायचे. माझं मत खिडकीशी बसून बदललं. ओक्लाहोमातल्या मुलाला ओक्लाहोमाच्या विद्यापीठात स्थानिक फी आहे. प्रत्येक नागरिकाला कुठलं ना कुठलं एक राज्य आपलं म्हणतं. डबा घेऊन आलेल्या त्या मुलीला टेक्सासने परकं म्हटलं तर आपलं म्हणणारं दुसरं राज्य तिला कुठेच नाही. तिच्या १३ वर्षांच्या शाळेवर याच राज्याने खर्च केलेला आहे आणि पुढेही ती इथेच राहणार आहे. राज्याने पेरलेलं पीक कापणीच्या आदल्या आठवड्यात सोडून द्यायचं, हा हिशेब मला कधी जुळला नाही.

जागेचा आक्षेप वेगळा. आमच्या कॉलेजात हायस्कूल झालेल्या सगळ्यांना प्रवेश आहे, तिथे कुणी कुणाची जागा घेत नाही. ऑस्टिनसारख्या ठिकाणी जागा मोजक्या असतात आणि तिथे हा आक्षेप पोकळ नाही. पण तिथेही प्रवेश कुणाला हा एक निर्णय आहे आणि फी किती हा दुसरा. फी वाढवून प्रवेशाचा प्रश्न सुटत नाही.

आणि फी वाढवून राज्याच्या तिजोरीत काय आलं? आदेशानंतरच्या ऑगस्टमध्ये माझ्याकडे आलेल्या मुलांची नवी बिलं जुन्या बिलांच्या तिपटीच्या आसपास होती. दोघं-तिघं राहिली, तीही एकेक विषय घेऊन. बाकीच्यांनी नाव काढलं. केंद्राची मदत त्यांना आधीही नव्हती, फाफसा हा त्या मदतीचा अर्ज भरून त्यांना काही मिळत नाही. डाकामध्ये (लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी केंद्राची योजना) बसण्यासाठी १५ जून २००७च्या आधीपासून अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं, आणि आज बारावी होणारी बहुतेक मुलं त्यानंतर जन्मलेली आहेत. म्हणजे त्यांच्याकडून जास्तीचे पैसे आले नाहीतच, जे थोडे येत होते तेही थांबले. एका विरोधी मुद्द्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही: पदवी मिळाल्यावरही या मुलांना कायदेशीर नोकरी करता येत नाही, मग शिकून काय? ते उत्तर वॉशिंग्टनकडे आहे आणि तिथे कित्येक वर्षं कुणी ते देत नाहीये.

आता तुमच्या मुलीकडे येते.

कॉलेज सुरू होताना ती एच-४वर असेल. टेक्सासमध्ये एच-१बी आणि एच-४वर असलेल्यांना डोमिसाइल स्थापन करता येतं, त्यामुळे पहिल्या दिवशी ती तुमच्या घराच्या आधारावर रहिवासी ठरेल. इथे बहुतेक पालक निर्धास्त होतात. अडचण २१व्या वाढदिवशी येते. एफ-१ हा 'शिकून परत जाणार' असा व्हिसा असल्याने त्यावर डोमिसाइल होत नाही. घराची फूटपट्टी तिच्या हातून निसटते. शाळेची फूटपट्टी मात्र राहते. ९वी ते १२वी तिने टेक्सासमध्ये केली आहे. २०२५चा आदेश 'कायदेशीर वास्तव्य नसलेल्यां'पुरता आहे. एफ-१वर राहणारी मुलगी कायदेशीर वास्तव्यात आहे. म्हणून २००५च्या दुरुस्तीतलं तेच कलम तिला लागू पडतं. तुम्हाला ज्याने 'बाहेरची फी लागेल' म्हणून सांगितलं त्याने एकच फूटपट्टी पाहिली.

प्रत्यक्षात काय घडतं तेही सांगते, कारण कायदा आणि काउंटर यांत अंतर असतं. विद्यार्थ्याचा व्हिसा एफ-१ झाला की कितीतरी कॉलेजांच्या संगणकात फीचा कोड आपोआप 'परदेशी' होतो. आय-२० (एफ-१साठी कॉलेजने द्यायचा कागद) बनवणाऱ्या आंतरराष्ट्रीय विभागाला रहिवासी नियमांची माहिती असतेच असं नाही, ते खर्चाच्या रकान्यात बाहेरच्यांचा आकडा टाकून मोकळे होतात. २०२५नंतर त्यात भर पडली आहे. अ‍ॅफिडेव्हिट दिलेल्या सगळ्यांना सरसकट पत्रं गेली, आणि कायदेशीर व्हिसावरची मुलंही त्यात सापडून घाबरून धावत आली. ज्यांच्याकडे कागद तयार होते त्यांचं काम एका भेटीत झालं. ज्यांनी 'बघू' म्हटलं त्यांची सेन्सस डेट हुकली.

म्हणून माझा सल्ला असा. अर्जातल्या रहिवासी प्रश्नांची उत्तरं भरताना घरासोबत हायस्कूलचाही आधार पहिल्या दिवसापासून नोंदवा, आणि लागतं ते अ‍ॅफिडेव्हिट तेव्हाच द्या. चारही इयत्तांचं ट्रान्सक्रिप्ट, मधे शाळा बदलली असेल तर दोन्ही शाळांचं. त्या काळातले घराचे कागद किंवा भाडेकरार, व्हिसाची मंजुरीपत्रं आणि आय-९४च्या (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) प्रती यांची एक फाइल करा. रजिस्ट्रारला ईमेलने विचारा की मुलीला कोणत्या कलमाखाली रहिवासी ठरवलंय, आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. एकदा रहिवासी ठरलेला विद्यार्थी सलग शिकत असेल तर तो दर्जा सहसा चालू राहतो, पण व्हिसा बदलल्यावर पुन्हा विचारणा होऊ शकते, तेव्हा हाच ईमेल उपयोगी पडेल. एफ-१चा अर्ज २१व्या वाढदिवसाच्या बराच आधी जायला हवा. किती आधी, ते वकील सांगेल. फाफसा एच-४लाही नाही, पण राज्याच्या मदतीसाठी टॅस्फा हा वेगळा अर्ज आहे, तो भरा. आणि समजा एखाद्या कॉलेजने ऐकलंच नाही, तर टेक्सासमध्ये आणखी एक वाट आहे: स्पर्धेतून मिळालेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती असेल तर कॉलेज बाहेरच्या विद्यार्थ्यालाही स्थानिक दर लावू शकतं. त्याच्या जागा मर्यादित असतात, पण हुशार मुलांना ती मिळताना मी पाहिली आहे.

तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्राचा दाखला दिलाय, की तिथे एफ-१वर गेलेल्या मुलीला बाहेरची फी लागते. त्याचं म्हणणं खरं आहे. न्यू जर्सीचा २०१३चा कायदाही ३ वर्षांच्या हायस्कूलवर आधारलेला आहे, पण त्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना शब्द घालून वगळलंय. त्यामुळे बालवाडीपासून एडिसनला शिकलेली आणि एफ-१वर गेलेली मुलगी बाहेरची ठरते, आणि तिच्याच बाकावरची कागद नसलेली मैत्रीण स्थानिक. इथे तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे आणि मी त्यात तुमच्याबरोबर आहे. पण तो दूर करायचा तर त्या कायद्यातला वगळण्याचा शब्द काढायला लावा. मैत्रिणीची फी वाढल्याने आपल्या मुलीचं बिल एका डॉलरनेही उतरत नाही. महाराष्ट्र मंडळातल्या गप्पांत हा विषय निघतो तेव्हा आमदारांना पत्र लिहायला चारजणही पुढे येत नाहीत, आणि शेजारच्या मुलांवर चिडायला मात्र सगळे असतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलीचं खरं दुखणं फी नाहीच, २१वं वर्ष हे आहे. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते, आणि मुलं त्या रांगेतून वयाने बाहेर पडतात. वय मोजताना काही काळ वजा करणारा २००२चा कायदा आहे, पण आपल्या रांगेपुढे तो तोकडा पडतो. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) घेऊन वकिलाकडून हे वय आत्ताच मोजून घ्या. तिच्यासारखी मुलं देशात दोन लाखांहून जास्त आहेत असा अंदाज दिला जातो. त्यांच्यासाठीची विधेयकं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, दोन्ही पक्षांचे लोक मिळून मांडतात आणि ती पडून राहतात. इथे वाढलेलं आणि कागदासाठी अडलेलं मूल म्हणून पाहिलं, तर तुमची मुलगी आणि डब्यावाली मुलगी यांची गोष्ट बरीचशी एकच आहे.

फाइल तुम्ही करा, पण सही तिला करू द्या. ती १८ची होईल, विद्यार्थ्याच्या नोंदी कायद्याने तिच्या असतील आणि रजिस्ट्रार तुमच्याशी बोलायला नकारही देईल. अ‍ॅफिडेव्हिट एका वाक्याचं आहे: पात्र होताच कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करीन. सही करण्याआधी तिला ते स्वतः वाचू द्या, आणि तिने काही विचारलं तर घाई न करता उत्तर द्या.